गुहागर : चहा, २० मिनिटं

चाळिशी उलटली की माणसाला दोन गोष्टी होतात. डोळ्यांना चष्मा लागतो आणि मोटारसायकलवरून कुठंतरी लांब जावंसं वाटायला लागतं. चष्म्याला निदान नंबर असतो. दुसऱ्या दुखण्याला नंबर नाही, त्यामुळे ते किती वाढलंय हे घरच्यांना कळत नाही आणि एके दिवशी माणूस आमटीचा भुरका मारता मारता 'मी मोटारसायकलनं गोव्याला जाणार' असं सांगून मोकळा होतो.

मला हे दुखणं संसर्गानं झालं. आमच्या शाखेत ते आणलं हेड कॅशियरनी. हा गृहस्थ पन्नाशीचा. नोटांचं बंडल कानाशी फडफडवून त्यात एक कमी आहे हे सांगणारा. आयुष्यात त्यानं कधी धोका पत्करला नव्हता. लग्नसुद्धा मामाच्या मुलीशी केलं, म्हणजे पार्टी माहितीतली. पण त्याचा पुतण्या मोटारसायकलनं लडाखला जाऊन आला, आणि त्याचे फोटो बघितल्यापासून हेड कॅशियर दुपारी डबा खाताना खिडकीबाहेर बघायला लागला. खिडकीबाहेर आमच्या शाखेत समोरच्या इमारतीचा संडासाचा पाइप दिसतो. एवढ्या वेळ त्याच्याकडे बघणारा माणूस नॉर्मल नाही हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"लडाख आपल्याला नको," एक दिवस तो म्हणाला. "तिथं ऑक्सिजन कमी. आपल्याला शाखेचा जिना चढताना दम लागतो. आपण समुद्रसपाटीनं जाऊ. तिथं ऑक्सिजन भरपूर."

मी हो म्हटलं. त्या दिवशी सर्व्हर डाऊन होता, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

तर मार्ग ठरला तो किनाऱ्याकिनाऱ्यानं. मुंबई-गोवा महामार्ग आम्ही पहिल्याच बैठकीत बाद केला. त्याचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं तेव्हा आमचा मुलगा बालवाडीत होता. २०२३ साली तो दाढी करायला लागला तरी काम चालूच होतं. शिवाय त्या रस्त्यावरून समुद्र दिसत नाही. समुद्र दिसतो तो सागरी मार्गावरून. रेवस ते रेडी, सुमारे ५०० किलोमीटर. अंतुले १९८० साली मुख्यमंत्री झाले, त्यांच्या डोक्यातली ही कल्पना. कल्पना मोठी झकास. फक्त कोकणच्या किनाऱ्याला मध्ये मध्ये खाड्या आहेत हे नकाशावर जितकं ठळक दिसतं तितकं ते कल्पनेत दिसत नसावं. त्यामुळे रस्ता खाडीपर्यंत ऐटीत जातो, पाण्यात शिरतो आणि पलीकडच्या तीरावर काहीच झालं नाही असा निघून पुढं चालायला लागतो. मधल्या पाण्याचं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघायचं. त्यासाठी गाड्या वाहून नेणाऱ्या सपाट बोटी आहेत. कोकणात त्यांना जंगल जेटी म्हणतात. त्यात जंगल नसतं आणि ती जेटीही नसते, पण आमच्या बँकेत 'करंट अकाउंट'ला तरी कुठं शॉक बसतो?

नियोजनाला आठ महिने लागले. हेड कॅशियरला आम्ही 'कॅप्टन' ही पदवी दिली होती आणि त्यानं ती मनावर घेतली. त्यानं कॉम्प्युटरवर तक्ता केला. कुठून कुठं, किती किलोमीटर, किती वाजता, पेट्रोल किती, नारळपाणी किती. आमच्या शाखेचा ताळेबंद इतक्या काळजीनं झाला असता तर दोन ऑडिटर निवृत्तीनंतर अजून जिवंत असते. दर शनिवारी (दुसरा आणि चौथा सोडून) डबा खाताना बैठक व्हायची. टेबलावर महाराष्ट्राचा मोठा कागदी नकाशा पसरलेला, कारण कॅप्टनचं म्हणणं, मोबाइलवर रस्ता दिसतो पण प्रवास दिसत नाही. त्या नकाशावर मी पहिल्याच बैठकीत लिंबाच्या लोणच्याची फोड सांडली. तेल पसरत गेलं आणि दोन दिवसांत जवळजवळ अख्खा गुहागर तालुका त्याच्याखाली गेला.

सल्ले सगळ्यांनी दिले. मॅनेजरसाहेबांनी विमा काढायला सांगितलं, आमच्याच शाखेतून, टार्गेट बाकी होतं. क्लीअरिंगच्या बाईंनी गाडीला लिंबू-मिरची बांधायला सांगितली. आमचा दफ्तरी मालवणचा. तो नकाशाकडे बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "सायबानू, कित्याक मराक जातास? कोकणकन्येन जावा."

वाहनाचाही प्रश्न होता. कॅप्टनकडे त्याच्या पुतण्याची साडेतीनशे सीसीची अवजड गाडी येणार होती. माझी शंभर सीसीची, अकरा वर्षांची, स्टेशन ते घर आणि घर ते भाजी एवढंच जग पाहिलेली. तिच्या डाव्या आरशात मी दिसतो आणि उजव्या आरशात माझं कोपर. पण सरासरी चांगली देते. आम्हा बँकवाल्यांना शेवटी परतावा महत्त्वाचा.

सुट्टीचा हिशेब मात्र माझा. तो मी अभिमानानं सांगतो. २०२३ सालच्या जानेवारीत सव्वीस तारीख गुरुवारी आली. अठ्ठावीसला चौथा शनिवार. म्हणजे बावीसच्या रविवारी निघायचं, एकोणतीसच्या रविवारी परत. आठ दिवस, आणि रजा किती? चार! बी.कॉम. झाल्याचं सार्थक असं क्वचित होतं.

घरी या सगळ्याचं कौतुक कुणालाच नव्हतं. मुलगा म्हणाला, "बाबा, त्या गाडीवर?" आणि हसून आत गेला. हिनं काहीच म्हटलं नाही. फक्त एकदा रात्री, मी जेवणाच्या टेबलावर कॅप्टनचा तक्ता वाचत बसलो होतो तेव्हा, हात पुसत पुसत ती शेजारी येऊन उभी राहिली. बोट खाली खाली आणत एका ओळीवर थांबली.

"इथं वीस मिनिटंच?"

बघितलं तर ओळ अशी होती : 'गुहागर : चहा, २० मिनिटं.'

"चहाला वीस मिनिटं पुष्कळ झाली," मी म्हटलं. "पुढं तवसाळची बोट गाठायची आहे."

ती 'बरं' म्हणाली आणि ओटा आवरायला गेली. आता मागं वळून बघताना वाटतं, मला निदान तेव्हा तरी समजायला हवं होतं. हिचं आजोळ गुहागरच्या पुढं, पालशेतच्या बाजूला. हे मला माहीत होतं, जसं आपल्याला आपला पॅन नंबर माहीत असतो. म्हणजे लिहून ठेवलेला कुठंतरी असतो. हिचे वडील दापोलीला शाळामास्तर. दर मे महिन्यात ती मंडळी खाडी ओलांडून आजीकडे जायची. आजी गेली, मामा डोंबिवलीत आमच्याच पलीकडच्या गल्लीत स्थायिक झाले, घराला कुलूप लागलं. हिची आईही गेली. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात मामांकडून एक कागद आला होता. हक्कसोडपत्राचा मसुदा. घर विकायचं चाललं होतं, त्यात हिच्या आईच्या वाट्यापुरती हिची सही लागत होती.

असे कागद माझ्या टेबलावर दिवसाला चाळीस येतात. मी उभ्या उभ्या वाचला आणि म्हटलं, "सरळ आहे. दुय्यम निबंधकाकडे जायचं, सही-अंगठा करायचा. अर्ध्या दिवसाचं काम. करून टाक." ती म्हणाली, "बघू." आणि तो कपाटात ठेवला. मामांचा दर पंधरा दिवसांनी फोन यायचा. ही दर वेळी सांगायची की वेळच झाला नाही. मी मनात म्हणायचो, बायकांना कागदपत्रांचं गांभीर्य नसतं.

निघायला आठ दिवस राहिले आणि कॅप्टन पडला. मोटारसायकलवरून नव्हे, ती अजून यायची होती. माळ्यावरून प्रवासाची बॅग काढताना स्टुलावरून पडला. घोट्याला फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लॅस्टर. मी भेटायला गेलो तर नवे गुडघ्याचे पॅड, हातमोजे आणि जाकीट पलंगाशेजारी खुर्चीवर व्यवस्थित मांडलेलं. एखाद्या शहीद जवानाच्या वस्तूंसारखं. "तू जा," तो म्हणाला, "मी इथून कंट्रोल रूम सांभाळतो."

घरी येऊन मी जाहीर केलं की बेत रद्द. चार रजा मंजूर झालेल्या होत्या तेवढंच वाईट वाटत होतं.

"मी येते की," ही म्हणाली.

मी हसलो. माझा मुलगा माझ्यावर हसला होता अगदी तसाच. आणि ती हसली नाही हे लक्षात आल्यावर थांबलो.

बावीस तारखेला पहाटे साडेचारला आम्ही डोंबिवली सोडली. कॅप्टनच्या तक्त्यात सामान माणशी सात किलो होतं. हिनं बरोबर घेतलेल्या दशम्या, लसणीची चटणी, डिंकाचे लाडू आणि औषधं यांचंच वजन तेवढं भरलं असतं. शिवाय एक प्लॅस्टिकची पिशवी होती, गाडीच्या कागदांची. आरसी, विमा, पीयूसी. ती तिनं आपल्याकडे ठेवली. "तुम्ही हरवाल."

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी मोठी बोट २०२० च्या मार्चपासून सुरू झाली. त्या बोटीत आमच्या पुढं-मागं सगळ्या आलिशान मोटारी. आमच्या गाडीला दशम्यांची पिशवी, मागं शाल गुंडाळलेली. एका मोटारीतल्या बाईंनी आमच्याकडे इतक्या मायेनं बघितलं की त्या आता दहा रुपये देतात की काय असं मला वाटलं. पण सूर्य उगवला तो सगळ्यांना सारखाच दिसला.

मोटारसायकलवरच्या संभाषणाबद्दल इथं दोन शब्द सांगायला हवेत. डोक्याला हेल्मेट, कानात वारा. मागचं माणूस बोलतं ते पुढच्याच्या मानेला सांगितलेलं असतं. अलिबाग ते रेवदंडा आमचं बोलणं झालं ते असं :

"अहो."

"काय?"

"काही नाही."

"काय?"

"काही नाही म्हटलं!"

"अगं, मोठ्यानं बोल!"

त्यानंतर कोर्लईच्या किल्ल्यापर्यंत शांतता. या कोर्लई गावात अजून काही घरांतून पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक वेगळीच बोली बोलतात. तिथली दोन माणसं एकमेकांशी बोलताना ऐकली. आमच्यापेक्षा त्यांचं एकमेकांना जास्त कळत होतं.

बोलणं व्हायचं ते जंगल जेटीवर. तिथं इंजिन बंद करावं लागतं, हेल्मेट निघतं, आणि पंधरा मिनिटं पळून जायला जागा नसते. पहिली अशी बोट आगरदांडा ते दिघी. मागं जंजिरा पाण्यात बसलेला. मराठ्यांनी इतक्या वेळा हात घातला आणि तो शेवटपर्यंत आला नाही, असं मी हिला इतिहास म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत्ये. सातवीला होता." मग म्हणाली, "तुम्हाला आठवतं, आपण शेवटचं असं कधी बसलो होतो? म्हणजे काही काम नसताना?" मी खूप आठवलं. एकदा वीज मंडळाच्या रांगेत बसलो होतो, पण तिथं काम होतं.

दिवेआगरला मुक्काम. या भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं झोपवल्या होत्या. अडीच वर्षं झाली तरी उंच झाडांच्या मध्ये आभाळाची भोकं दिसत होती. ज्यांच्या घरी उतरलो त्यांनी नवी रोपं दाखवली, गुडघ्याएवढी. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. मी त्यांना ओढीनं रिकरिंगची एक योजना सांगू लागलो तेव्हा हिनं माझ्या ताटात जोरात आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशीचा दिवेआगर ते श्रीवर्धन रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. उजवीकडे समुद्र, तोही इतका जवळ की लाट जरा जास्त शिकलेली असती तर रस्त्यावर आली असती. डावीकडे डोंगर. मधून आम्ही ताशी चाळीसनं. ही मागं गुणगुणत होती. मानेला कळत होतं.

बागमांडल्याला बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो आणि चढ सुरू झाले. नकाशावर चढ दिसत नाहीत ही त्यांची सर्वांत मोठी उणीव. केळशी, आंजर्ले, हर्णै, सगळी गावं खाली पाण्यापाशी आणि मधला प्रत्येक रस्ता डोंगरावरून. माझी शंभर सीसी पहिल्या गिअरमध्ये कण्हायला लागली. एका वळणावर ही म्हणाली, "थांबा, मी उतरते," आणि चालायला लागली. मी गाडीनं वर पोचलो तेव्हा ती माइलाच्या दगडावर बसून लाडू खात होती. तिनं पायवाट काढली होती. दापोलीची मुलगी.

याच टापूत पेट्रोल संपलं. तक्त्यात 'पेट्रोल भरणे' ही ओळ होती, पण ती ओळ वाचायची कॅप्टननं, अशी आमची वाटणी होती. एक पोरगा थांबला, आपल्या गाडीची नळी काढून अर्धी बाटली पेट्रोल दिलं, पैसे घेईना. शेवटी दोन लाडू घेतले. पुढं जाऊन परत आला आणि म्हणाला, "काकूंना विचारा, अजून आहेत का?"

दाभोळला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. समोर वाशिष्ठीचं रुंद मुख. पलीकडे वीज प्रकल्पाची धुराडी. ज्या प्रकल्पाला सगळं जग दाभोळ म्हणून ओळखतं तो दाभोळला नाहीच, खाडीपलीकडे अंजनवेलला आहे. धोपाव्याला जायची गाड्यांची फेरी इथं २००३ साली सुरू झाली. त्याआधी गाडीवाल्यांनी चिपळूणला वळसा घालायचा आणि माणसांनी लाँचनं जायचं.

बोट सुटली तशी ही कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि बोलायला लागली. मी विचारलं नव्हतं. एस.टी.नं दाभोळला यायचं, सकाळी लवकर. लाँचच्या काठावर बसायचं भांडण. थोरल्या भावाचा नंबर आधी. हात पाण्यात घालायचा, आई ओरडायची. पलीकडे आजोबा छत्री घेऊन उभे, ऊन असो नसो. आजोबांची छत्री दिसली की सुट्टी सुरू झाली. "आणि परत जाताना ती छत्री लहान लहान होत जायची," ती म्हणाली. "मी एकदा मोजलं होतं. एकशेचाळीस आकडे झाल्यावर दिसेनाशी झाली."

वीस वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी लोकांची के.वाय.सी. करतो.

धक्का जवळ आला. तिथं छत्री घेऊन कुणीच नव्हतं. एक मनुष्य 'गाड्या चालू करा' म्हणून ओरडत होता.

गुहागरला रात्री उतरलो. कॅप्टनचा फोन आला. "वेळापत्रकाच्या सहा तास मागं आहात," तो म्हणाला. "उद्या गुहागरचा चहा कट करा." मी म्हटलं, "उद्या सकाळी आम्ही जरा पालशेतच्या बाजूला चाललोय." "तक्त्यात नाही ते," तो म्हणाला. मी म्हटलं, "नाही ना. लोणच्याखाली आहे."

सकाळी ती मागून खांद्यावर हात ठेवून रस्ता सांगत होती. डावा खांदा म्हणजे डावीकडे. एका ठिकाणी दोन्ही खांदे घट्ट धरले, मी थांबलो. खाली चिऱ्यांची पाखाडी उतरत होती. गाडी वरच ठेवली.

घर अजून होतं. पडवीची कौलं एका अंगाला घसरलेली, दाराला कुलूप, कुलपाला गंज. तुळशीवृंदावनातून कसलं तरी रान वर आलेलं. विहिरीचा रहाट गेलेला, दोन चिरेबंदी खांब तेवढे उभे. मी सवयीनं मनातल्या मनात व्हॅल्युएशन करायला लागलो. रस्त्यापासून अंतर, दर्शनी बाजू, झाडं. ही दाराशी गेली आणि चौकटीच्या उजव्या अंगाला बोटांनी काहीतरी चाचपायला लागली. खिळ्यानं ओढलेल्या रेघा होत्या. एकाखाली एक, दर मे महिन्याची उंची. शेवटची तिच्या खांद्यालाही लागत नव्हती.

गडग्यापलीकडून आवाज आला, "कोण गो ती? थांब, सांगू नको. ताईची मुलगी ना? नाकावरून ओळखल्ये हो मी!"

पंच्याहत्तरीच्या काकू. त्यांनी आम्हाला ओढतच नेलं, कोकमाचं सरबत दिलं, माझ्याकडे आपादमस्तक बघून "हेच का जावई? बँकेतले?" असं विचारलं, आणि आम्ही मुंबईहून फटफटीवर आलो हे कळल्यावर दुसरा पेला आणून माझ्या हातात दिला; बहुधा डोकं थंड राहावं म्हणून. "विकतायत म्हणे," मग त्या म्हणाल्या. "घेणारा येऊन गेला दोनदा. मोजून गेला. घर पाडून हाटेल बांधायचं म्हणतो. आता तुझ्या मामाला तरी कोण बोलणार? तो तरी काय करील? कौलं शेकारायला माणूस मिळत नाही." आणि एकदम हिला म्हणाल्या, "फणस उतरवून ठेवत्ये दर वर्षी. तुमच्या झाडाचा. कुणी येईल म्हणून."

परत जाताना ही जोत्याच्या पायरीवर बसली. मग तिनं ती गाडीच्या कागदांची पिशवी उघडली. आरसी काढली, विमा काढला, आणि पीयूसीच्या मागून घडी घातलेला तो मसुदा काढला.

म्हणजे तो ती मुंबईपासून बरोबर घेऊन आली होती. मांडव्यापासून चार चढ चालून.

"अहो," ती म्हणाली, "करू का सही?"

आता इथं हेल्मेट नव्हतं. 'काय?' असंही म्हणता येईना. आठ महिन्यांपूर्वी हाच प्रश्न न विचारता मी त्याचं उत्तर अर्ध्या मिनिटात दिलं होतं. मामांची बाजू मला दिसत होती. ती खोटी नव्हती. म्हातारा माणूस, दोन मुलींची लग्नं काढलेलं कर्ज, त्यातलं एक आमच्याच शाखेचं. न सही करून घर उभं राहणार नव्हतं. एक-दोन पावसाळे, मग पडवी येईल खाली. हे सगळं मला माहीत होतं आणि तोंडाला कोकमाची चव होती.

"थांब थोडी," मी म्हटलं. "पावतीवर सहीसुद्धा मी नोटा दोनदा मोजल्याशिवाय करू देत नाही."

ती हसली. बराच वेळ तिथं बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, तक्ता गाडीवर राहिला होता. निघताना मी खिशातलं पेन काढून चौकटीवर, तिच्या आत्ताच्या उंचीला, एक रेघ मारली. बँकेचं पेन. लगेच संपलं. मग तिनं गाडीच्या किल्लीनं ती खोल केली.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो छान झाला आणि छान झालेल्या प्रवासात सांगण्यासारखं काही नसतं. तवसाळहून जयगडला बोटीनं गेलो. गणपतीपुळ्यात मुक्काम होता तिथं रेटारेटी. दुसऱ्या दिवशी माघी गणेश जयंती होती, हे कॅप्टनच्या तक्त्यातून सुटलं होतं. फोनवर सांगितलं तर तो प्लॅस्टरमध्ये तळमळला. खोली मिळेना म्हणून तसेच पुढं निघालो, आणि त्यामुळेच आरे-वाऱ्याच्या घाटीवर बरोबर सूर्यास्ताला पोचलो. रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा पाहिला. इंग्रजांनी त्याला हद्दपार करून इथं आणलं आणि १९१६ साली तो इथंच गेला. हिनं विचारलं, "त्यांचं तिकडचं घर कोण बघत असेल हो?" पुढं पूर्णगड, जैतापूर, देवगड, मालवण. शिरोड्याला वि. स. खांडेकर ज्या गावात मास्तर होते ते गाव म्हणून ही गाडीवरून उतरून पाच मिनिटं उगाच चालली, मास्तरांची मुलगी. सत्तावीसला तेरेखोलला बोटीत चढलो आणि पलीकडे केरीला गोव्यात उतरलो.

परतताना मात्र मडगावला गाडीच्या टाकीतलं पेट्रोल काढून, तिला गोणपाटात गुंडाळून रेल्वेच्या पार्सलात दिली आणि आम्ही कोकणकन्येनं आलो. दफ्तऱ्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

सोमवारी कामावर हजर झालो. कॅप्टननं घरूनच हिशेब मागवला. लिटरमागे सरासरी, एकूण किलोमीटर, नारळपाणी. सगळं जमलं, फक्त वेळेच्या रकान्यात 'गुहागर' पुढं काय लिहायचं ते ठरेना. शेवटी ती रक्कम मी सस्पेन्स अकाउंटला टाकली.

मे महिन्यात पालशेतहून एस.टी.च्या पार्सलनं एक फणस आला. त्याच संध्याकाळी मामांचा फोन. मी आतल्या खोलीत होतो. ही म्हणत होती, "हो मामा, आहे ना. कुठं जाणार? मोटारसायकलच्या कागदांत ठेवलाय. तुम्ही रविवारी असंच करा, इकडेच या जेवायला. सांदणं करत्ये. मग बसून बोलू. … नाही नाही, हे काही म्हणत नाहीत. ह्यांना तर मागं बसून काही बोललेलं ऐकूच येत नाही."